खाणीतल्या दिव्यापासून किचनमधल्या गॅस डिटेक्टरपर्यंत: हम्फ्री डेव्हीची गोष्ट



आज नवीन फोन नाही, नवीन ॲपही नाही. आज 200 वर्षांपूर्वीच्या एका माणसाबद्दल लिहितोय. त्याचं कारण मात्र माझ्या घरातलंच आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री उशिरा ऑफिसमधून पिंपरीतल्या फ्लॅटवर पोचलो. गावाहून राहायला आलेली आई झोपली होती. स्वयंपाकघराचं दार ढकललं तर सडक्या कांद्यासारखा वास आला. हा गॅसचा वास आहे हे मला लगेच कळलं. आणि कळूनही माझा हात सवयीने लाइटच्या बटणाकडे गेला. माझ्या आवाजाने उठून आलेल्या आईने मागून मनगट धरलं, म्हणून बटण दाबलं गेलं नाही. बाहेरच्या उजेडात तिने पाइपवरचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, दार सताड उघडं ठेवलं आणि मला जिन्याने खाली नेलं. खाली आल्यावर मोबाइलवर जुनं बिल उघडून त्यातल्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला. आलेल्या माणसाने सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. शेगडीच्या रबरी नळीच्या टोकाला बुडबुडे आले. तिथे बारीक चीर गेली होती.

आता लाज वाटणारा भाग. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझं प्रोजेक्ट होतं गॅस लीक डिटेक्टर. एमक्यू-4 सेन्सर, आर्डुइनो, बझर आणि एसएमएस. मार्क चांगले पडले. तो डबा अजून गावच्या घरी माळ्यावर आहे. व्हायवामध्ये मी सेन्सर कसा चालतो ते घडाघडा सांगितलं होतं. वास आल्यावर हात कुठे न्यायचा नाही, हे मात्र हाताला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी या सेन्सरचा इतिहास शोधत गेलो आणि हम्फ्री डेव्हीपर्यंत पोचलो. शाळेत आपण त्याचं नाव सोडियम-पोटॅशियमच्या धड्यात वाचलेलं असतं. पण गॅस ओळखायचा कसा आणि तो पेटू द्यायचा नाही कसा, या दोन्ही प्रश्नांवर त्याने जे काम केलं, ते आजही आपल्या किचनमध्ये चालू आहे.

स्वतःवरच प्रयोग करणारा पोरगा

डेव्हीचा जन्म 17 डिसेंबर 1778 रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स गावात झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. तो 15 वर्षांचा असताना ते गेले आणि घरावर कर्ज राहिलं. पुढच्या वर्षी डेव्ही गावातल्या एका सर्जनकडे शिकाऊ म्हणून लागला. औषधं कुटता कुटता त्याला रसायनशास्त्राचा नाद लागला. कॉलेज नाही, डिग्री नाही. पुस्तकं वाचून आणि हाताला लागेल त्या भांड्यांत प्रयोग करून तो शिकला.

1798 मध्ये ब्रिस्टलच्या डॉ. थॉमस बेडोज यांनी त्याला आपल्या संस्थेत बोलावलं. वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तिथे तपासत होते. डेव्हीची पद्धत सोपी आणि भयंकर होती: वायू तयार करायचा आणि आधी स्वतः ओढायचा. नायट्रस ऑक्साइड ओढल्यावर त्याला हसू आलं, मजा आली आणि दुखणारी हिरडी काही वेळ शांत झाली. हा वायू शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला वापरता येईल, असं त्याने 1800 मध्ये पुस्तकात छापलंसुद्धा. कोणी लक्ष दिलं नाही. 1844 मध्ये अमेरिकेतल्या एका दातांच्या डॉक्टरने तो वापरून पाहीपर्यंत लोक शुद्धीत असतानाच दात उपटून घेत राहिले. माहिती छापलेली होती, पण कोणाच्या हातात आली नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

दुसऱ्या एका प्रयोगात त्याने हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण ओढलं. दोन-तीन श्वासांतच तो कोसळायला आला आणि थोडक्यात वाचला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे माणसं बेशुद्ध पडतात, त्यामागे बऱ्याचदा हाच वायू असतो. तिथे गॅस गळत नसतो, हवा कमी पडल्यामुळे तो अर्धवट जळत असतो. म्हणून गॅस गळतीचा साधा डिटेक्टर गिझरच्या धोक्यासाठी पुरत नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म येतो. आणि गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणं त्याहून चांगलं.

लंडनचा स्टार

1801 मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. त्याची व्याख्यानं इतकी गाजली की गर्दीमुळे बाहेरच्या रस्त्यावर बग्ग्यांचा खोळंबा व्हायचा. व्होल्टाची बॅटरी तेव्हा नवीकोरी होती. डेव्हीने तिचा प्रवाह वितळलेल्या क्षारांमधून सोडला आणि 1807 मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. 1808 मध्ये मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम. यातला मॅग्नेशियम विसरू नका, तोही परत येणार आहे.

1812 मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, श्रीमंत विधवा जेन ॲप्रीसशी लग्न झालं, आणि त्याच वर्षी एका स्फोटक रसायनाने डोळ्याला इजा झाली. लिहायला मदतनीस हवा म्हणून काही दिवस त्याने बुकबाइंडिंगचं काम करणाऱ्या एका तरुणाला बोलावलं. तो मायकेल फॅरेडे. पुढच्या वर्षी फॅरेडेला तिथेच नोकरी लागली.

1813 मध्ये दोघं युरोपच्या दौऱ्यावर निघाले. ब्रिटन आणि फ्रान्सचं युद्ध चालू होतं, तरी नेपोलियनच्या सरकारने डेव्हीला प्रवासाची परवानगी दिली. इटलीत पिएत्रामाला या डोंगराळ जागी जमिनीतून आपोआप ज्वाळा निघायच्या. डेव्ही आणि फॅरेडेने तिथला वायू बाटल्यांत भरून तपासला. तो होता मिथेन. म्हणजे तोच नैसर्गिक वायू, जो आज पाइपमधून आपल्या शेगडीत येतो. तेव्हा हा नुसता अभ्यास होता. वर्षभरातच तो कामाला आला.

92 जणांचा बळी

आता थोडं मागे, इंग्लंडच्या ईशान्य भागात, टाइन नदीकाठच्या कोळसा खाणींमध्ये जाऊ. 25 मे 1812 रोजी फेलिंग खाणीत स्फोट झाला आणि 92 माणसं आणि मुलं मेली. हो, मुलं. त्या काळी दहा वर्षांच्या आतली पोरंही खाणीत कामाला असायची.

कोळशाच्या थरांत अडकलेला मिथेन खाणीत झिरपतो. त्याला वास नसतो. खाणकामगाराला उजेड हवाच, आणि उजेड म्हणजे मेणबत्ती. गॅस साठलेल्या जागी उघडी ज्योत नेली की स्फोट. लोकांनी काय काय उपाय केले होते बघा. एक माणूस ओल्या कपड्यांत सरपटत पुढे जायचा आणि लांब काठीला मेणबत्ती लावून साठलेला गॅस मुद्दाम पेटवायचा. कुठे पोलादी चाक गारगोटीवर फिरवून ठिणग्यांच्या उजेडात काम चालायचं. ठिणगीने गॅस पेटत नाही असा त्यांचा समज होता. तो चुकीचा ठरला.

फेलिंगच्या मृतांचे अंत्यविधी जॉन हॉजसन नावाच्या पाद्र्याने केले. अशा अपघातांबद्दल गप्प बसायची तिथे पद्धत होती. हॉजसनने सविस्तर हकीकत छापली. त्यातून संडरलंडमध्ये खाण अपघात रोखण्यासाठी एक मंडळ उभं राहिलं आणि 1815 मध्ये मंडळाने डेव्हीला गळ घातली. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडहून परतताना तो न्यूकॅसलला थांबला, खाणींचे व्यवस्थापक जॉन बडल यांना भेटला आणि सगळं समजून घेतलं. हॉजसनने त्याला खाणीतला गॅस बाटल्यांत भरून लंडनला पाठवला.

जाळीची कमाल

डेव्हीने फॅरेडेला हाताशी घेऊन काही आठवड्यांत प्रयोग उरकले. त्याला तीन गोष्टी कळल्या.

एक, मिथेन हवेत अगदी कमी किंवा अगदी जास्त असेल तर स्फोट होत नाही. आजचा आकडा साधारण 5 ते 15 टक्के आहे. या पट्ट्यात आलं की धोका.

दोन, मिथेन पेटायला बरंच जास्त तापमान लागतं.

तीन, आणि हीच खरी किल्ली: धातूच्या अरुंद नळ्यांमधून ज्वाला पलीकडे जात नाही. धातू तिची उष्णता शोषून घेतो, पलीकडचा गॅस पेटण्याइतका तापतच नाही.

मग नळीची लांबी कमी करत करत तो जाळीवर पोचला. ज्योतीभोवती बारीक तारेच्या जाळीचं नळकांडं, एका चौरस इंचात 784 छिद्रं. गॅस छिद्रांतून आत येतो, आतल्या आत जळतो, पण आग बाहेर पडत नाही. नोव्हेंबर 1815 मध्ये त्याने रॉयल सोसायटीसमोर पहिला निबंध मांडला आणि जानेवारी 1816 मध्ये जाळीचा दिवा हेबर्न खाणीत उतरला. (चहाची गाळणी घेऊन घरी करून बघू नका, प्लीज.)

दिव्याचा दुसरा फायदा त्याहून भारी होता. गॅस असला की वात बारीक केल्यावर ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसायची. गॅस जास्त तर टोपी उंच. ऑक्सिजन कमी असेल तर ज्योत मंदावून विझायची. म्हणजे एकाच यंत्रात उजेड आणि डिटेक्टर, आणि डिस्प्ले म्हणून ज्योतच! अनुभवी कामगार त्या टोपीवरून टक्केवारीचा अंदाज सांगायचे.

डेव्हीने पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर वर्षाला हजारो पौंड मिळाले असते. कोणीही दिवा बनवावा, पैसे देऊ नयेत, असं त्याने ठरवलं. खाणमालकांनी 1817 मध्ये त्याला चांदीची भांडी भेट दिली. पुढे त्या चांदीतूनच रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक सुरू झालं.

पण इथे त्याचा दुसरा चेहराही दिसतो. जॉर्ज स्टीफन्सन, तोच पुढे रेल्वे इंजिनांमुळे गाजलेला, तेव्हा किलिंगवर्थच्या खाणीत मेकॅनिक होता. त्यानेही 1815 च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःचा दिवा खाणीत नेऊन तपासला होता. एक अडाणी मेकॅनिक असं काही शोधू शकतो, हेच डेव्हीला पटेना. तो चोरीचा आरोप करत राहिला. आज इतिहासकार मानतात की दोघांनी आपापल्या वाटेने तोडगा काढला होता. स्वतः डिग्रीशिवाय वर आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या डिग्रीवर बोट ठेवावं, हे वाचताना मला खटकलं. पुढे 1824 मध्ये त्याने स्वतःच्याच फॅरेडेला रॉयल सोसायटीत घ्यायलाही विरोध केला. फॅरेडे निवडून आला, ते वेगळं.

दिवा आला, तरी माणसं मरत राहिली

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सेफ्टी लॅम्प आल्यावर मृत्यू थांबायला हवे होते ना? तसं झालं नाही. पुढची कित्येक वर्षं ईशान्य इंग्लंडच्या खाणींमध्ये स्फोट होतच राहिले.

का? दिवा आहे म्हटल्यावर मालकांनी आधी गॅसमुळे सोडून दिलेल्या जागा परत उघडल्या. खेळती हवा ठेवायचा खर्च टाळला. जाळी फाटली तरी दिवा वापरात राहिला. जोराच्या वाऱ्यात ज्योत जाळीबाहेर पडते, तिकडे दुर्लक्ष झालं. उजेड मंद म्हणून कामगार स्वतःच जाळी काढायचे. निळी टोपी दिसली की तिथून निघायचं असतं, पण मजुरी खणलेल्या कोळशावर मिळत असेल तर निघणार कोण?

दिव्याने इशारा दिला. इशाऱ्यानंतर काय करायचं हे माणसांवर होतं, आणि गाडं तिथेच अडलं. हे वाचताना मला माझा बटणाकडे गेलेला हात आठवला.

प्लॅटिनमची तार आणि गंजणारे पाइप

1817 मध्ये डेव्हीने आणखी एक गोष्ट पाहिली. गरम प्लॅटिनमची बारीक तार गॅस आणि हवेच्या मिश्रणात धरली की ज्वालेशिवायच ती लालबुंद राहते. गॅस तारेच्या पृष्ठभागावर गुपचूप जळत असतो. यालाच आपण आज कॅटॅलिसिस म्हणतो.

विसाव्या शतकात याच तत्त्वावर गॅस सेन्सर बनले. मण्याएवढ्या गोळीत प्लॅटिनमची तार असते. गॅस आला की गोळी तापते, तारेचा रेझिस्टन्स वाढतो, सर्किट तो फरक मोजतं आणि अलार्म वाजतो. खाणी आणि कारखान्यांत हे सेन्सर वापरतात. घरगुती डिटेक्टरमध्ये आणि माझ्या एमक्यू-4 मध्ये टिन ऑक्साइड असतं. तिथेही तापलेल्या पृष्ठभागावर गॅसची क्रिया होते आणि रेझिस्टन्समधला बदल मोजला जातो.

1820 मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. नौदलाच्या जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे समुद्रात झिजायचे. त्याने त्यांना लोखंड किंवा जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण तांबं विरघळेना म्हणून शिंपले-शेवाळ बिनधास्त चिकटू लागलं, जहाजं संथ झाली आणि योजना गुंडाळावी लागली. त्याची भरपूर थट्टा झाली. आज मात्र जमिनीखालच्या स्टीलच्या गॅस पाइपलाइन गंजू नयेत म्हणून हीच युक्ती वापरतात, आणि बळी जाणारा धातू बऱ्याचदा त्यानेच वेगळा केलेला मॅग्नेशियम असतो.

पुढे त्याची तब्येत ढासळली, झटका आला. 29 मे 1829 रोजी जिनिव्हामध्ये तो गेला. वय फक्त 50.

मग आपण काय करायचं?

डेव्हीच्या काळी गॅसला वास नव्हता. आपल्याकडच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला, सुमारे 300 मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथे वास मिसळणं सक्तीचं झालं. त्यामुळे वास हाच आपला पहिला अलार्म. पण सर्दी असेल तर तो येत नाही, आणि बराच वेळ त्याच हवेत बसलात तर नाक सरावतं. म्हणून डिटेक्टर घेतलेला बरा.

डिटेक्टर घेताना एक गोष्ट नक्की बघा. पाइपचा गॅस म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जातो. डिटेक्टर छताजवळ लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साठतो. डिटेक्टर जमिनीजवळ लावा. चुकीच्या उंचीवर लावलेला महागडा डिटेक्टर वेळेत वाजणारच नाही.

आणि वास आला किंवा अलार्म वाजला तर:

1. काडी, लायटर नाही. लाइट, पंखा, एक्झॉस्ट यांचं बटण दाबायचं नाही. चालू असेल ते बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते.
2. हाताशी असेल तर पाइपचा कॉक किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा.
3. दारं-खिडक्या उघडा.
4. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. लिफ्ट नाही, जिना.
5. फोन बाहेर गेल्यावरच. पाइप गॅससाठी बिलावरचा इमर्जन्सी नंबर, सिलिंडरसाठी 1906.
6. तपासणी होईपर्यंत परत आत जाऊ नका.

संशय असेल तर गळती शोधायला साबणाचं पाणी वापरा, काडी कधीच नाही. रबरी नळीवर छापलेली तारीख बघा आणि मुदत संपायच्या आत ती बदला.

मी आता किचनमध्ये छताजवळ डिटेक्टर लावलाय. त्याहून महत्त्वाचं, आई परत गावी जायच्या आधी आम्ही दोघांनी एकदा रंगीत तालीम केली. डोळे मिटून कॉकपर्यंत पोचायचं, मग खिडकी, मग दार. पहिल्या खेपेला माझा हात परत बटणाकडेच गेला. तिसऱ्या खेपेला गेला नाही.

तुमच्या घरी कॉक कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का? आज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं काढा आणि सगळ्यांना दाखवा. इमर्जन्सी नंबर तेवढ्यात फोनमध्ये सेव्ह करा, आई-बाबांच्या फोनमध्येसुद्धा.